संवर्धनाच्या जंगलात हरणांची शिकार: ठरावावर मत देण्याआधी

तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बोस्टनच्या पश्चिमेला ज्या गावात तुम्ही राहता, तिथे गावाच्या मालकीचं जंगल आहे आणि ते संवर्धनासाठी राखून ठेवलेलं आहे. येत्या टाऊन मीटिंगपुढे, म्हणजे गावातले मतदार एकत्र जमून निर्णय घेतात त्या सभेपुढे, ठराव आलाय, की परवाना असलेल्या धनुर्धारी शिकाऱ्यांना पानगळीच्या हंगामात तिथे हरणं मारू द्यावीत. तुम्ही मूळचे नागपूरचे, घरी शाकाहार, आणि रोज संध्याकाळी मुलांना घेऊन त्याच जंगलात फिरायला जाता. तुम्ही लिहिलंय, ‘ज्या जमिनीवर संवर्धनाची पाटी लावली तिथेच प्राणी मारायचे, हे मनाला पटत नाही. मत कसं द्यावं?’

मी ईशान्य अमेरिकेतल्या राखीव जंगलांत, त्यातही धरणांच्या पाणलोटातल्या जंगलांत, व्यवस्थापनाचं काम करते. असे शिकारीचे कार्यक्रम आखणं आणि नंतर त्यांचा जंगलावर काय परिणाम झाला ते मोजणं, यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेलाय. तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही, पण माझं उत्तर होकाराचं आहे, एका अटीवर. गाव मारलेली हरणं मोजून थांबणार नसेल, जंगलातली रोपं मोजणार असेल आणि हे काम वर्षानुवर्षं चालवायची तयारी असेल, तर ठरावाच्या बाजूने हात वर करा. एखाददोन हंगाम शिकार करून ‘प्रश्न मिटला’ म्हणायचं असेल, तर विरोधात मत द्या. मग त्यात जीव जातील आणि जंगलाच्या पदरात काहीच पडणार नाही.

ठरावाचा मसुदा वाचण्याआधी एकदा त्या जंगलात जा आणि नजर हरणाच्या उंचीवर आणा. जमिनीपासून साधारण पाच फुटांपर्यंत काय हिरवं आहे ते बघा. तुमच्या भागातल्या बऱ्याच जंगलांत वर पानांचं छत गच्च असतं आणि खाली सगळं मोकळं. फिरायला येणाऱ्याला ते छान वाटतं, दूरवर दिसतं, पायात काही अडकत नाही. मला तसं जंगल दिसलं की काळजी वाटते. मोठ्या ओकखाली दरवर्षी एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, सडा पडतो, त्यातले काही रुजतातही. मग गुडघ्याएवढी, कमरेएवढी, माणसाएवढी रोपं कुठे आहेत? ज्या घरात सगळेच सत्तरीचे आहेत आणि पाळणा हललेला नाही, अशी त्या जंगलाची अवस्था असते.

आता घोट्याएवढं मेपलचं एखादं रोप शोधा आणि त्याचा शेंडा डोळ्यांजवळ नेऊन बघा. टोक चुरगळलेलं असेल, सालीचा एखादा धागा लोंबत असेल, तर ते हरणाने खाल्लंय. गाय-शेळीप्रमाणे हरणालाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे त्याला काडी कापता येत नाही, खालच्या दातांत धरून ती ओढून तोडावी लागते. सशाला वरखाली दोन्हीकडे धारदार दात असतात, त्याने खाल्लेली काडी तिरकी आणि गुळगुळीत कापलेली दिसते. त्याच रोपावर खाली खाली बघत गेलात तर तुटण्याच्या जुन्या खुणा एकाखाली एक सापडतील. दर हिवाळ्यात शेंडा गेला, दर उन्हाळ्यात बाजूने नवा फुटला. घोट्याएवढं दिसणारं असं रोप आठ-दहा वर्षांचंही निघतं.

रोपांच्या जागी काय उगवलंय तेही बघा. हरणं निवडून खातात. ओक, मेपल, हेमलॉक, ट्रिलियमसारखी रानफुलं त्यांना आवडतात. वाळलेल्या गवतासारखा वास येणारं एक नेचं इथे भरपूर आहे, त्याला ती तोंड लावत नाहीत. बीचची रोपं आणि काटेरी जपानी बार्बेरीही नाइलाज झाल्याशिवाय खात नाहीत. त्यामुळे आवडीचं सगळं संपत जातं आणि गुडघाभर नेचं पसरतं. एकदा ते पसरलं की त्याच्या सावलीत पुढची कित्येक वर्षं ओकचं बी रुजून वर येऊ शकत नाही, भले नंतर हरणं कमी झाली तरी. ट्रिलियमला बीपासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागतात, आणि हरीण एका घासात देठासकट सगळी पानं नेतं. म्हणून अशा जंगलात उशीर महाग पडतो.

इतकी हरणं आली कुठून? व्हाइट-टेल जातीचं हे हरीण इथलंच आहे. 1900च्या सुमारास मात्र ते संपायच्या बेतात होतं. जंगलं तोडून शेतं झाली होती आणि मांस-कातड्याच्या बाजारासाठी बेसुमार शिकार झाली होती. देशभरात मिळून पाच लाखांच्या आतच हरणं उरली असावीत असा अंदाज आहे. मग बाजारासाठीची शिकार बंद झाली, हंगाम ठरले, परवाने आले. 1937 सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. लांब नळीच्या बंदुकांवर तो 11 टक्के आहे आणि आजही त्यातून राज्यांच्या वन्यजीव खात्यांना पैसे मिळतात. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे इथल्या ईशान्येकडच्या राज्यांमधली, शेतं ओस पडली, तिथे पुन्हा जंगल उभं राहिलं. आज अमेरिकेत सुमारे तीन कोटी व्हाइट-टेल आहेत. हे संवर्धनाचं यशच आहे आणि ते मी मनापासून मानते.

पण हरीण परतलं तरी त्याला खाणारे परतले नाहीत. लांडगे आणि प्यूमासारखी मोठी रानमांजरं या भागातून केव्हाच नाहीशी झाली. कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) आणि काळी अस्वलं पाडसं उचलतात, पण धडधाकट मादीला ती सहसा मारत नाहीत. उरला माणूस. तुमच्यासारख्या उपनगरात तोही बाजूला झालाय, कारण मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे राहत्या घरापासून 500 फुटांच्या आत घरमालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. दोन-दोन एकरांचे प्लॉट, प्रत्येक अंगणात होस्टा आणि ट्यूलिप, मधूनमधून झाडीचे पट्टे. हरणांना वर्षभर चारा आणि वर्षभर अभय मिळालं. राज्याचं उद्दिष्ट जंगलाच्या दर चौरस मैलामागे 12 ते 18 हरणं, म्हणजे चौरस किलोमीटरला पाच ते सात, असं आहे. बोस्टनच्या दक्षिणेला ब्लू हिल्स नावाचं सुमारे 7,000 एकरांचं राखीव जंगल आहे. तिथे 2013च्या पाहणीत चौरस मैलाला 85 हरणांचा अंदाज निघाला. तिथली मोजकी, नियंत्रित शिकार 2015 साली सुरू झाली, निदर्शनं झाली, कोर्टाच्या पायऱ्याही चढून झाल्या. पहिल्या वर्षी चार दिवसांत 64 हरणं मारली गेली.

मात्र हे सगळं नीट समजून घ्यायचं असेल तर ब्लू हिल्सपेक्षा क्वॉबिन या जलाशयाकडे बघा. तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला कदाचित तिथलंच पाणी येत असेल. 1938 साली डॅना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायद्याने बरखास्त करून हा जलाशय बांधला. बोस्टन परिसरातल्या सुमारे 30 लाख लोकांना पाणी देणाऱ्या व्यवस्थेचा तो मुख्य साठा आहे. त्या पाण्यावर ओझोन आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण गाळणी प्रकल्प नाही. गाळणीचं काम भोवतालचं जंगल करतं. मुळं माती धरून ठेवतात, पालापाचोळा पाणी मुरवतो, झाडं पोषकद्रव्यं शोषून घेतात. पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्या जमिनीवर शिकारीला बंदी होती आणि ती पन्नासहून जास्त वर्षं टिकली.

त्या पन्नास वर्षांत जंगलाचं काय झालं हे मध्य मॅसॅच्युसेट्सच्या ओकच्या जंगलांत झालेल्या अभ्यासातून कळतं. जिथे शिकार बंद होती तिथे चौरस किलोमीटरला 10 ते 17 हरणं होती, शेजारच्या शिकार चालणाऱ्या जंगलात तीन ते सहा. हवा तीच, माती तीच, झाडं तीच. शिकार चालणाऱ्या जंगलात मोठ्या झाडांखाली ओक आणि इतर जातींची रोपं वेगवेगळ्या उंचीची होती. बंदीच्या जंगलात ती मधली फळीच नव्हती. मोकळ्या झालेल्या जागेत नेचं आणि गवत माजलेलं होतं.

क्वॉबिनचं पाणी सांभाळणाऱ्यांना हरणांपेक्षा वादळाची भीती जास्त होती. 1938 सालच्या सप्टेंबरमधल्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडचं जंगल आडवं केलं होतं. तसं वादळ पुन्हा आलं आणि सगळी मोठी झाडं एकदम पडली, तर खाली वाट बघत उभी असलेली तरुण फळी हवी. ती नसेल तर उघड्या उतारावरची माती आणि नायट्रोजन थेट पिण्याच्या पाण्यात. बरीच वर्षं वाद आणि सुनावण्या झाल्या आणि अखेर 1991 साली तिथे नियंत्रित शिकार सुरू झाली. शिकारी चिठ्ठ्या टाकून निवडायचे, त्यांना आधी माहिती द्यायची, विभाग वाटून द्यायचे, ठरलेले थोडेच दिवस आत सोडायचं, बाहेर पडताना प्रत्येक हरणाची नोंद करायची. पुढच्या काही वर्षांत हरणं उतरली आणि खालची रोपं वर यायला लागली. आज तिथे फिरताना दहा-पंधरा फुटांची तरुण फळी हाताने बाजूला सारत जावं लागतं. मला त्या जंगलात फिरायला फार आवडतं.

तुमच्या बायकोने विचारलंय, की जंगल वाचवायला प्राणी मारायचे, म्हणजे झाडांचा जीव मोलाचा आणि हरणाचा नाही का? त्याचं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रयोगात आहे. अलेगेनी पठारावर 1979 ते 1990 अशी बरीच वर्षं वनखात्याच्या संशोधकांनी जंगलाचे मोठमोठे तुकडे कुंपणाने बंद करून प्रत्येकात वेगवेगळ्या प्रमाणात हरणं ठेवली. सर्वात कमी चौरस मैलाला 10, सर्वात जास्त 60च्या वर. प्रश्न झाडांचा होता, पण त्यांनी पक्षीही मोजले. मधल्या उंचीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती जास्त हरणांच्या कुंपणात 27 टक्क्यांनी कमी भरल्या आणि त्यांची एकूण संख्या 37 टक्क्यांनी. हरीण घरट्याला हात लावत नाही. ते फक्त घरट्याची फांदी वाढू देत नाही. जीवांची बेरीज-वजाबाकी करायचीच, तर त्यात हे पक्षी, ती फुलं, त्यांच्यावरचे किडे हे सगळे धरायला हवेत. हरीण दिसतं, म्हणून त्याच्या जिवाचं दुःख होतं. त्या दुःखात काहीही चूक नाही, ते मलाही होतं.

आता आकडेमोड, कारण गावागावांतले कार्यक्रम इथेच फसतात. मिशिगन विद्यापीठाच्या जॉर्ज रिझर्व्ह या सुमारे 1,150 एकरांच्या कुंपणबंद जंगलात 1928 साली चार माद्या आणि दोन नर सोडले होते. 1933-34च्या हिवाळ्यात हाका घालून मोजणी केली तेव्हा 160 हरणं भरली. चांगला चारा मिळणारी मादी पहिल्या वेताला एक आणि पुढे बहुतेक दरवर्षी दोन पाडसं देते. नर कितीही मारले तरी उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे संख्या कमी करायची तर माद्याच माराव्या लागतात, आणि संख्या आहे तिथे रोखून धरायलाही दरवर्षी साधारण एकतृतीयांश माद्या कमी व्हाव्या लागतात. एवढं झालं नाही तर मारलेल्यांची जागा पुढच्या जूनमधली पाडसं भरून काढतात आणि सगळी उठाठेव फुकट जाते.

शिकाऱ्यांना हे पटवणं सोपं नसतं. मोठ्या शिंगांचा नर मिळावा ही त्यांची हौस असते. शिवाय ‘मादी मारू नये’ हा संस्कार हरणं दुर्मिळ होती त्या काळापासून घराघरांत चालत आलाय. पेनसिल्व्हेनियात गॅरी आल्ट राज्याच्या हरीण विभागाचे प्रमुख असताना त्यांनी माद्यांचे परवाने वाढवले आणि कोवळ्या नरांना संरक्षण दिलं. जंगलाच्या दृष्टीने ते बरोबर होतं, पण शिकाऱ्यांचा रोष इतका झाला की 2004 साली ते पायउतार झाले. त्याच राज्याच्या वायव्येला अलेगेनी राष्ट्रीय वनाच्या परिसरात 2000 साली सुमारे 74,000 एकरांवर जमीनमालक, संशोधक आणि स्थानिक शिकारी यांचा एक सहकारी उपक्रम सुरू झाला. तिथे शिकाऱ्यांना बरोबर घेऊन जंगलात नेलं, खाल्लेली रोपं दाखवली, दरवर्षीची मोजणी त्यांच्यासमोर मांडली आणि माद्यांचे जादा परवाने दिले. चौरस मैलाला 28च्या आसपास असलेली हरणं काही वर्षांत निम्म्यावर आली. हरणांची वजनं वाढली, रानफुलं परतली. माझ्या मते त्या यशाचं खरं कारण तो संवाद होता. परवाने तर कुणीही छापू शकतं.

विस्कॉन्सिन आणि न्यू जर्सीने दुसरी वाट धरली. आधी मादी मारून तिची नोंद करा, मगच नर मारायचा हक्क मिळेल. शिकाऱ्यांना हा नियम अजिबात आवडत नाही, विस्कॉन्सिनने तो नंतर मागेही घेतला. पण गावाच्या छोट्या जंगलात, जिथे परवानगी देणारा मालक गावच आहे, तिथे तो लावणं शक्य आहे, आणि मी लावायला सांगते.

दुसरे उपाय नाहीत का, हेही तुम्ही विचारलंय. पकडून दुसरीकडे सोडणं हा सर्वात दयाळू वाटणारा आणि प्रत्यक्षात क्रूर उपाय आहे. पकडताना बसलेल्या धक्क्याने आणि अनोळखी जागेत पुढच्या काही महिन्यांत त्यातली बरीच हरणं मरतात. शिवाय सोडायचं कुठे? जास्तीच्या हरणांना जागा देणारं जंगल इथे कुणाकडेच नाही. गर्भनिरोधक लस आहे, न्यूयॉर्क राज्यात हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावाने ती वापरून पाहिली. स्टेटन आयलंडवर 2016 पासून नरांची नसबंदीही केली गेली. बेटावर किंवा कुंपणात, जिथे बाहेरून हरणं येत नाहीत, तिथे याचा उपयोग होतो. पण प्रत्येक हरणामागे खर्च हजार डॉलरच्या घरात किंवा वर जातो, आणि लस दिलेली मादी पुढची अनेक वर्षं खातच राहते. जंगलाला आज दिलासा हवा असतो. आठ फुटी कुंपण उत्तम चालतं, पण एखाद्या एकराला. संपूर्ण जंगलाला कुंपण घातलं की हरणं शेजारच्या जंगलात जातात. पगारी नेमबाजांकडून रात्री हरणं मारून घेणं हा सर्वात खात्रीचा आणि सर्वात महागडा मार्ग. दाट वस्तीत, हरणं अतोनात वाढल्यावर, तोच उरतो.

लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराबद्दल ठरावाच्या पत्रकात जे लिहिलंय ते जरा सांभाळून घ्या. ज्या गोचिडीमुळे हा आजार पसरतो ती प्रौढ झाल्यावर हरणावर पोसते हे खरं, पण तिला जंतू बहुतेक वेळा पांढऱ्या पायाच्या उंदराकडून मिळतात. मेन राज्यातल्या मॉन्हेगन बेटावर 1990च्या दशकाच्या शेवटी सगळीच्या सगळी हरणं काढून टाकली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत गोचिड्या खूप कमी झाल्या. बेटाबाहेर, निम्मी हरणं कमी करून लाइम कमी होईल असं आश्वासन मी कुणालाही देणार नाही. जंगलासाठी मत द्यायचं असेल तर द्या, लाइमच्या भीतीने देऊ नका. संध्याकाळी घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे आणि कानांमागे बघायचं काम शिकारीनंतरही चालूच ठेवावं लागेल.

मुलांच्या सुरक्षिततेची तुमची काळजी रास्त आहे. धनुष्यबाणाची शिकार या बाबतीत बरीच सुरक्षित, कारण शिकारी झाडावर पंधरा-वीस फूट उंच बांधलेल्या बैठकीवर बसतो आणि वीस-पंचवीस यार्डांवरून खाली बाण सोडतो. चुकलेला बाण जमिनीत रुततो. गावाने प्रत्येक बैठकीची जागा स्वतः ठरवून द्यावी, पायवाटेपासून अंतर आखून द्यावं आणि वाटांच्या तोंडाशी पाट्या लावाव्यात. त्या दिवसांत तुम्ही भडक नारिंगी जाकीट घाला, कुत्र्याला पट्टा लावा.

हरणाच्या वेदनेबद्दल मी गोड बोलणार नाही. नेमका लागलेला बाण हरणाला काही सेकंदांत खाली आणतो, पण प्रत्येक बाण नेमका लागत नाही आणि काही जखमी हरणं हाती लागत नाहीत. म्हणून परवाना पुरेसा नाही. गावाने प्रत्येक शिकाऱ्याची नेमबाजीची चाचणी स्वतः घ्यायला हवी, आणि नापास झालेल्याला परत पाठवायला हवं, तो कितीही जुना गावकरी असला तरी. जाणता शिकारी बाण लागल्यावर लगेच खाली उतरत नाही. तो थांबतो, कारण घाईने मागे लागलं तर जखमी जनावर घाबरून लांब पळतं. मग पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत हळूहळू जातो. अंधार पडला तर बॅटरी घेऊन, इतरांना मदतीला बोलावून शोधतो. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. माझ्या ओळखीतले कित्येक शिकारी एका हरणाच्या मांसावर घरातल्यांचा हिवाळ्याचा मोठा भाग काढतात. रानातल्या हरणाचं मांस विकायला इथे बंदी आहे, पण दान करता येतं. पेनसिल्व्हेनियात 1991 पासून शिकाऱ्यांनी दिलेलं मांस अन्नछत्रांना पोचवणारी व्यवस्था चालते.

पुढे कधी तुमच्या गावाने बंदुकीचा विचार केला तर शिशाच्या गोळ्यांना परवानगी देऊ नका, तांब्याच्या वापरायला सांगा. शिकारी हरणाची आतडी रानातच टाकतात, त्यात शिशाचे कण राहतात आणि गरुड ती खातात. क्वॉबिनला 1982 ते 1988 या काळात बाल्ड ईगल या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची पिल्लं आणून वाढवली आणि सोडली, तिथूनच हा पक्षी राज्यात परत पसरला. हरणांचा प्रश्न सोडवताना त्याला विष घालणं शोभत नाही.

नोंदणीच्या जागेबद्दल थोडं सांगते, कारण तिथे एकदा उभं राहिल्याशिवाय हे काम कळत नाही. शिकारी हरीण घेऊन येतो. आम्ही वजन करतो, तोंड उघडतो आणि दाढांच्या रांगेतली तिसरी दाढ बघतो. तिला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची, म्हणजे जनावर फार तर दीड वर्षाचं. दोनच असतील तर पक्की दाढ आली, वय त्यापुढचं. मग दाढा किती झिजल्यात त्यावरून वर्षं ठरतात. मादी असेल तर कास दाबून दूध येतंय का बघतो, म्हणजे यंदा तिने पाडस वाढवलं का ते कळतं. दीड वर्षाच्या हरणांची वजनं वर्षागणिक वाढत असतील, तर जंगलात चारा वाढतोय असं समजायचं. हरणांच्या डोक्यांची गणती कितीही केली तरी ती अंदाजच असते. वजनं आणि रोपं मात्र हातात धरून मोजता येतात.

आणि नागपूरकडच्या जंगलांना हे लागू होतं का? नाही. ताडोबात वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्र्यांचे कळप आहेत, तिथल्या चितळ-सांबराला माणसाच्या बाणाची गरज नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, म्हणून तिथे आज हे प्राणी दिसतात. विदर्भात रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी शेतकऱ्याच्या तोंडचा घास पळवलाय. तो प्रश्न खरा आणि गंभीर आहे, पण तो पिकांचा आहे, त्याची उत्तरं भरपाईत, कुंपणात आणि वनखात्याच्या परवानगीने होणाऱ्या मर्यादित कारवाईत शोधायची. भारतात इथल्यासारखी परिस्थिती बघायची तर अंदमानात बघा. चितळ तिथलं नव्हेच, ब्रिटिशांनी ते नेऊन सोडलं. त्याला खाणारं तिथे कुणी नाही आणि जिथे ते दाट आहे तिथे जंगलाची नवी रोपं वर येत नाहीत. त्यामुळे इथल्या ठरावाला हो म्हटलं म्हणून तुम्ही ताडोबाशी बेइमानी करताय असं मानू नका.

सभेत बोलायला उभे राहिलात तर हे विचारा. शिकारीआधीची रोपांची मोजणी झाली आहे का? नसेल तर जंगलात काही ठिकाणी तीस फूट बाय तीस फुटांचे कुंपण घातलेले चौकोन करा, प्रत्येकाच्या शेजारी तेवढाच उघडा चौकोन खुंट्यांनी आखा, आणि दरवर्षी मे-जूनमध्ये दोन्हीकडची रोपं जातीप्रमाणे आणि उंचीप्रमाणे मोजा. खर्च फार नाही, शाळेतली मुलंसुद्धा हे काम उत्तम करतात. माद्या आधी, हा नियम आहे का? कार्यक्रम किमान पाच वर्षांचा आहे का? एका वर्षात उत्तर मिळत नाही आणि मध्येच थांबवलं तर केलेलं वाया जातं. दरवर्षी किती माद्या, किती नर, किती जखमी होऊन हाती न लागलेले, हे सगळं गावासमोर जाहीर होणार का? पाच वर्षांनी कुंपणाबाहेरची रोपं वाढली नसतील तर काय करायचं, हे आत्ताच लिहून ठेवलंय का? माझा अनुभव असा, की शेवटच्या प्रश्नावर समितीतले लोक एकमेकांकडे बघायला लागतात. तरीही नेटाने विचारा, आणि उत्तर कार्यवृत्तात नोंदवून घ्या.

या अटी मसुद्यात नसतील तर दुरुस्ती सुचवता येते. ती सभेआधीच लिहून मॉडरेटरच्या, म्हणजे सभा चालवणाऱ्याच्या, हाती द्या आणि वाक्य साधं ठेवा: पहिला बाण सुटण्याआधी चौकोन आखले जातील, आणि त्यांची मोजणी दर वर्षी याच सभेपुढे मांडली जाईल.